वाहिन्या वाढल्या, प्रेक्षक विखुरला

पारंपरिक दूरचित्रवाणी वाहिन्यांचा प्रेक्षक ओसरण्याची घटना महाराष्ट्रात दोनदा घडली. १९९०च्या दशकात केबलच्या तारेतून आलेल्या उपग्रह वाहिन्यांनी दूरदर्शनचा प्रेक्षक नेला. २०१६नंतर मोबाइल आणि ब्रॉडबँडने याच उपग्रह वाहिन्यांचा प्रेक्षक नेण्यास सुरुवात केली. एकेकाळी ज्यांना नव्या वाहिन्या म्हटले जाई त्या झी मराठी, कलर्स मराठी, स्टार प्रवाह आता जुन्या व्यवस्थेत गणल्या जातात. दोन्ही वेळा लोकांपुढची निवड वाढली, एवढेच कारण सहसा सांगितले जाते. पण पहिल्या वेळी प्रेक्षक अनेक वाहिन्यांत वाटला गेला होता. दुसऱ्या वेळी तो वाहिनी नावाच्या व्यवस्थेतूनच बाहेर पडू लागला. या दोन्हींचे परिणाम सारखे नाहीत.

हा सगळा प्रवास समजून घ्यायला मीरा-भाईंदर हे शहर फार उपयोगी पडते. मुंबईच्या उत्तर सीमेवर, दहिसर आणि वसईची खाडी यांच्यामध्ये हे शहर वसले आहे. भाईंदर, मिरे, काशी, घोडबंदर, नवघर, डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही इथली मूळ गावे, आणि भातशेती, मिठागरे व मासेमारी हे त्यांचे व्यवसाय. १९८५ साली नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११मध्ये ती ८ लाख ९ हजारांच्या पुढे गेली. मुंबईत घर परवडेनासे झालेली कुटुंबे इथे आली, तो काळ आणि घरोघरी केबल पोहोचली तो काळ जवळजवळ एकच आहे. गिरगाव-दादरच्या चाळींमध्ये एका वाहिनीभोवती शेजार जमल्याच्या आठवणी आहेत. मीरा रोडच्या बहुतेक सोसायट्यांच्या वाट्याला तो काळ आलाच नाही. नव्या इमारतीत विजेच्या मीटरपाठोपाठ केबलची तार आली आणि रिमोट हातात आला, तेव्हाच पडद्यावर डझनभर वाहिन्या होत्या.

त्याआधीचा काळ साधा होता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातले दुसरे केंद्र. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी पकडण्यासाठी गच्चीवर अॅल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना उभी करावी लागे. वरळीपासून सुमारे तीस किलोमीटरवरच्या भाईंदरमध्ये ती दक्षिणेकडे वळवलेली असे, आणि पावसाळी वाऱ्यात ती फिरली की कुणीतरी वर जाऊन ती पुन्हा जागेवर आणत असे. कार्यक्रम संध्याकाळचे काही तास चालत. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये शेती होती, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये साहित्य, ‘गजरा’मध्ये विनायक चासकरांनी घडवलेले हास्यविनोदाचे छोटे प्रवेश. चि. वि. जोशींच्या लेखनावर बेतलेल्या ‘चिमणराव’ने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घराघरांत नेले. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांच्या आवाजांत बातम्या ऐकल्या गेल्या. शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी चित्रपट असला की रस्ते ओस पडत, असे सांगणारे लोक आजही भेटतात.

त्या काळातल्या लोकप्रियतेकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. प्रेक्षकापुढे दुसरा पर्यायच नव्हता. टीव्ही सुरू असलेल्या प्रत्येक घरात तीच वाहिनी दिसत होती, त्यामुळे दूरदर्शनचा त्या वेळचा वाटा शंभर टक्के होता. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेल्या ‘रामायण’ने आणि त्यामागून २ ऑक्टोबर १९८८ला आलेल्या ‘महाभारत’ने रविवारच्या सकाळी देश टीव्हीपुढे बसवला, त्यामागे मालिकांचे सामर्थ्य होतेच, पण एकमेव वाहिनी असण्याचेही बळ होते. तरीही त्या व्यवस्थेने एक मोलाची गोष्ट दिली. शेतकऱ्याचा कार्यक्रम शहरातल्या कारकुनाच्या डोळ्यांखालून जाई, नाटकाची चर्चा गिरणी कामगाराच्या कानावर पडे. आवड नसलेला विषयही समोर येत असे आणि त्यातून काहींना नवी आवड लागत असे.

मराठी प्रेक्षकाची पहिली नाराजी मात्र खासगी वाहिन्या येण्याआधीच सुरू झाली होती. १५ ऑगस्ट १९८२पासून राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळी दाखवला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपणही आले. रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा वेळ दिल्लीच्या हिंदी आणि इंग्रजी कार्यक्रमांकडे गेला आणि मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांना त्याआधीच्या वेळेत दाटीवाटीने बसावे लागले. मुंबईसाठी दुसरी वाहिनी मिळाली, तरी मुख्य वेळेत पूर्ण मराठी संध्याकाळ अशी राहिलीच नाही. पुढे खासगी मराठी वाहिन्यांना जे यश मिळाले, त्याची जमीन इथेच तयार झाली होती.

जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्धाची दृश्ये सीएनएनवरून थेट दिसू लागली आणि मोठ्या शहरांत डिश लावून केबल देणाऱ्यांचा धंदा बहरला. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही ही पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी आली. कायदा मागाहून आला. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल दिला. केबल दूरचित्रवाणी जाळ्यांचे नियमन करणारा कायदाही त्याच वर्षी झाला. प्रसार भारती हे स्वायत्त मंडळ अस्तित्वात आले ते नोव्हेंबर १९९७मध्ये, तोपर्यंत प्रेक्षकांची फाळणी झालेली होती.

या बदलाचा खरा वाहक होता गल्लीतला केबलवाला. एखाद्या इमारतीच्या गच्चीवर तीन-चार मोठ्या डिश, खाली एका खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटर, तिथून निघालेली जाड काळी तार इमारतींच्या गच्च्यांवरून पुढे, आणि सिग्नल क्षीण होऊ नये म्हणून मधेमधे अॅम्प्लिफायर. घरागणिक महिन्याला एकच ठरलेली रक्कम घेतली जाई. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सिटीकेबल, इनकेबलनेट, हॅथवे अशा मोठ्या कंपन्या वाहिन्यांचे सिग्नल एकत्र करून स्थानिक केबलवाल्यांना पुरवू लागल्या. ॲनालॉग तारेची क्षमता मर्यादित होती आणि साठ-सत्तर वाहिन्यांच्या पुढे ती जाईना. जुन्या टीव्हीवर सुरुवातीच्या क्रमांकांवरील वाहिन्या चांगल्या दिसत आणि शेवटच्या धूसर. त्यामुळे कोणती वाहिनी कितव्या क्रमांकावर लावायची याला पैशाचे मोल आले. चांगली जागा मिळवण्यासाठी वाहिन्या केबल कंपन्यांना वाहतूक शुल्क देऊ लागल्या. प्रेक्षकाने काय पाहावे हे ठरवणाऱ्यांत एक नवा वाटेकरी शिरला, आणि पुढील दोन दशके त्याचा शब्द चालला.

मीरा-भाईंदरमध्ये प्रेक्षक विखुरण्याचे सर्वांत ठळक कारण आहे भाषा. इथे आगरी, कोळी आणि ख्रिस्ती भूमिपुत्र आहेत, मुंबईतून सरकलेली मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे आहेत, भाईंदर पश्चिमेला गुजराती आणि राजस्थानी व्यापारी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, मीरा रोडच्या नया नगर भागात मुस्लिम वस्ती आहे, उत्तर भारतातून आलेले कामगार आणि व्यावसायिक आहेत, दक्षिण भारतीय कुटुंबेही आहेत. दूरदर्शनच्या काळात हे सगळे एकच संध्याकाळ पाहत होते. १९९३मध्ये तमिळमध्ये सन टीव्ही आणि मल्याळममध्ये एशियानेट सुरू झाल्या. पुढे ईटीव्हीने गुजरातीसह अनेक भाषांत वाहिन्या काढल्या, जैन कुटुंबांसाठी पारस आणि जिनवाणीसारख्या धार्मिक वाहिन्या आल्या, भोजपुरीतही वाहिन्या सुरू झाल्या. एकाच जिन्यावरच्या चार घरांत रात्री नऊ वाजता चार भाषांचे आवाज येऊ लागले. प्रत्येकाला आपल्या घरची भाषा पडद्यावर मिळाली, ही मोठी प्राप्ती होती. शेजाऱ्याला काल रात्रीच्या कार्यक्रमाविषयी विचारावे असे काही उरले नाही, ही त्याबरोबरची हानी.

मराठीपुरते पाहिले तर खरी उलथापालथ १९९९ आणि २००० या दोन वर्षांत झाली. दूरदर्शनची स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झाली होती. मुंबई केंद्राच्या ‘दामिनी’ने दुपारच्या वेळेत मराठीतील पहिली दैनंदिन मालिका म्हणून लोकांना बांधून ठेवले होते. त्यानंतर १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा टीव्ही मराठी आली आणि तिच्या ‘आभाळमाया’ने शहरी मराठी कुटुंबांना स्वतःचे घर पडद्यावर दाखवले. ५ एप्रिल २००० रोजी दूरदर्शनने आपल्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव दिले. त्याच वर्षी ९ जुलैला हैदराबादच्या रामोजी समूहाने ईटीव्ही मराठी आणली. तिची ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. अल्फाचे २००५मध्ये झी मराठी झाले, ईटीव्ही मराठी २०१५मध्ये कलर्स मराठी झाली. २००८च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाह, २०१६मध्ये झी युवा, २०१८मध्ये सोनी मराठी, २०२१मध्ये सन मराठी. बातम्यांच्या बाजूला २००७ आणि २००८ या दोनच वर्षांत झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत आणि साम अशा वाहिन्या उभ्या राहिल्या.

मराठी प्रेक्षक या मराठी वाहिन्यांमध्येच वाटला गेला असता तर गणित सोपे झाले असते. पण महाराष्ट्रातला मराठी प्रेक्षक हिंदी सहज समजतो, आणि मुंबईच्या परिसरात तर बोलतोही. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ एकाच दिवशी सुरू झाल्या आणि मराठी घरांतला रात्रीचा तास हिंदीकडे वळला. तमिळ किंवा मल्याळम वाहिन्यांना घरच्या प्रेक्षकासाठी हिंदीशी अशी झुंज द्यावी लागत नाही. मराठी वाहिन्यांचे जाहिरातींचे दर आणि मालिकांचे खर्च दक्षिणेच्या मानाने बेताचे राहिले, त्यामागे हे मोठे कारण आहे.

प्रेक्षक घटला म्हणजे नेमके काय, हे समजायला मोजणीची पद्धत माहीत असावी लागते. टीआरपी म्हणून ओळखला जाणारा आकडा निवडक घरांतून काढला जातो. २०१५पासून हे काम ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्क, करते. तिच्या मीटरला वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, माणसाच्या कानाला न जाणवणारी खूण ओळखता येते. घरातला प्रत्येक जण टीव्हीपुढे बसताना आपले बटण दाबतो. यातून तीन वेगळ्या गोष्टी निघतात. आठवड्यात किती जणांनी वाहिनी थोडी तरी पाहिली, ही तिची पोहोच. सरासरी मिनिटाला किती जण पाहत होते, ते रेटिंग. त्या वेळी टीव्ही पाहणाऱ्या सगळ्यांपैकी किती जण या वाहिनीवर होते, तो वाटा. वाहिन्या वाढल्या की आधी वाटा घसरतो. घरांची आणि टीव्ही संचांची संख्या वाढत असेल तर एकूण पाहणाऱ्यांची संख्या त्याच वेळी वाढतही असते. २०२०पर्यंत भारतात असेच होते. बार्कच्या पाहणीनुसार २०१८मध्ये देशात टीव्ही असलेली १९ कोटी ७० लाख घरे होती आणि २०२०मध्ये ती २१ कोटींवर गेली. म्हणजे एकेका वाहिनीचा वाटा आक्रसत होता, तरी टीव्ही पाहणारा समाज फुगत होता. लोकांनी टीव्ही सोडला, हे विधान त्या काळाला लागू होत नाही.

या वाटणीत सर्वांत जास्त गमावले ते दूरदर्शनने. केबल कायद्यानुसार दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे प्रत्येक केबलवाल्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे सह्याद्री मीरा-भाईंदरच्या प्रत्येक केबल घरात उपलब्ध राहिली. उपलब्ध असूनही ती लावली जात नाही, ही अडचण कायद्याने सुटणारी नव्हती. खासगी वाहिन्यांनी मालिका रोज ठरलेल्या वेळी दाखवून सवय लावली, सह्याद्रीला तेवढा पैसा आणि तेवढे निर्णयस्वातंत्र्य कधी मिळाले नाही. क्रिकेट हा दूरदर्शनचा शेवटचा मोठा आधार होता. २००७च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीला देणे खासगी हक्कधारकांवर बंधनकारक केले. पण २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चित्रण फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणापुरते आणि त्याच्या ‘फ्री डिश’ या मोफत उपग्रह सेवेपुरते आहे, केबल आणि खासगी डीटीएचवरून ते पुढे देता येणार नाही, असे स्पष्ट केले. केबल असलेल्या शहरी घराला सामन्यासाठी दूरदर्शन लावण्याचे कारण उरले नाही. शेतीचा सल्ला, कीर्तन, शास्त्रीय संगीत, प्रायोगिक नाटक, बोलीभाषांतले कार्यक्रम यांना आजही जागा देणारी मराठी वाहिनी सह्याद्रीच आहे. खासगी वाहिनीला यातले बहुतेक परवडत नाही, म्हणून सह्याद्रीचा प्रेक्षक घटणे ही एका वाहिनीपुरती बाब नाही. त्या विषयांनाच घराघरांतली जागा कमी झाली.

डिजिटल बदलाने विखुरण्याला आणखी वेग दिला. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२पासून ॲनालॉग केबल बंद झाली आणि मार्च २०१७पर्यंत ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने देशभर पूर्ण करण्याचे ठरले. सेट टॉप बॉक्समुळे साठ-सत्तरांच्या जागी शेकडो वाहिन्या सारख्याच स्वच्छ दिसू लागल्या. १ फेब्रुवारी २०१९पासून दूरसंचार नियामक प्राधिकरण ट्रायची नवी दररचना आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि कर असे मूळ शुल्क, त्यापुढे प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी. हेतू चांगला होता, जे पाहायचे तेवढ्याचेच पैसे द्यावेत. व्यवहारात यादी करणे बहुतेक कुटुंबांना जमले नाही आणि ती पुन्हा कंपन्यांनी बांधलेल्या पॅककडे वळली. अनेक घरांचे मासिक बिल वाढले. ज्या घरात आधीच मोबाइलचा डेटा होता, तिथे केबल चालू ठेवायची की नाही हा प्रश्न पहिल्यांदा या वेळी विचारला गेला.

उत्तरही तयार होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की चित्रफीत पाहणे ही चैन राहिली नाही. हॉटस्टार २०१५मध्ये आले होते, नेटफ्लिक्स २०१६च्या जानेवारीत, झी५ २०१८मध्ये. मराठीत ‘भाडिपा’सारख्या यूट्यूब वाहिन्यांनी तरुण प्रेक्षकाला त्याच्या भाषेतला विनोद आणि त्याच्या वयाचे विषय दिले. मराठी दैनंदिन मालिका संध्याकाळी साडेसहा-सातपासून रात्री साडेदहापर्यंत चालतात. भाईंदर किंवा मीरा रोडहून अंधेरी, दादर, चर्चगेटकडे कामाला जाणारा माणूस त्या वेळी बहुधा परतीच्या लोकलमध्ये असतो. टीव्हीच्या सर्वोत्तम वेळेत तो घरी नसतोच. पूर्वी त्याची मालिका चुकत असे. आता तो ती डब्यात उभ्या उभ्या फोनवर पाहतो, किंवा दुसरेच काही पाहतो. उपनगरांतल्या नोकरदार प्रेक्षकाच्या बाबतीत मालिकेची वेळ आणि माणसाची वेळ यांचा मेळ कधीच नीट नव्हता, फोनने ते उघड केले.

वाहिन्यांनी स्वतःच या बदलाला हातभार लावला. झी५ आणि हॉटस्टारवर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी पाहण्याची सोय देण्यात आली. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र पाहणे हाच वाहिनीचा प्राण, आणि तो तिच्याच मालकाने ॲपसाठी मोकळा केला. २०२३चा आयपीएल जिओसिनेमावर मराठी समालोचनासह विनामूल्य दाखवला गेला. घरातला एक मोठा क्रीडाप्रसंग केबलशिवाय पूर्ण पाहता येतो, हे त्या उन्हाळ्यात लाखो घरांना कळले. इंटरनेटला जोडलेले स्मार्ट टीव्ही स्वस्त झाल्यावर तर दिवाणखान्यातला मोठा पडदा तसाच राहिला आणि त्यावरची वाहिनी गेली. त्या जागी यूट्यूब लागते.

देशभरचे आकडे या दिशेला पुष्टी देतात. २०२०मध्ये खासगी डीटीएचचे सक्रिय ग्राहक सात कोटींच्या आसपास होते. ट्रायच्या अहवालांनुसार मार्च २०२५अखेर ते सुमारे ५ कोटी ६९ लाखांवर आले. केबल क्षेत्राच्या संघटनेने ईवाय या संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासाप्रमाणे पैसे भरून टीव्ही पाहणारी घरे २०१८मध्ये १५ कोटी १० लाख होती, २०२४मध्ये ती ११ कोटी १० लाख राहिली. यातली सगळीच घरे इंटरनेटकडे गेलेली नाहीत. बराच मोठा भाग दूरदर्शनच्या फ्री डिशकडे गेला. एकदाच छत्री आणि बॉक्स विकत घेतला की दरमहा काही भरावे लागत नाही, म्हणून ग्रामीण आणि अल्प उत्पन्नाच्या घरांत तिची संख्या चार कोटींपुढे गेली आहे. सशुल्क टीव्हीचे ग्राहक असे दोन्ही टोकांनी कमी होतात. सुस्थितीतली घरे ब्रॉडबँडकडे जातात आणि गरीब घरे फ्री डिशकडे. मीरा-भाईंदरसारख्या दाटीच्या शहरात, जिथे इमारतीपर्यंत फायबर सहज येते, पहिला ओघ मोठा आहे.

अमेरिकेत हेच अधिक पुढे गेले आहे. नील्सन या मोजणी संस्थेनुसार मे २०२५मध्ये तिथल्या टीव्ही पाहण्याच्या वेळेपैकी ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगला गेला, आणि तो खुल्या व केबल वाहिन्यांच्या एकत्रित वेळेपेक्षा पहिल्यांदाच जास्त ठरला. भारतात तशी वेळ आलेली नाही. पैशाच्या बाजूने मात्र वळण आले आहे. फिक्की आणि ईवाय यांच्या मार्च २०२५च्या अहवालानुसार २०२४मध्ये भारतातील डिजिटल माध्यमांच्या उत्पन्नाने टीव्हीला मागे टाकले.

या घसरणीची झळ मीरा-भाईंदरला केवळ प्रेक्षक म्हणून बसत नाही. काशीमिरा आणि घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्यात मालिकांचे चित्रीकरण वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि गोरेगाव-मालाडपेक्षा घरभाडे कमी म्हणून अनेक कलाकार, सहायक दिग्दर्शक, संकलक, रंगभूषाकार, स्पॉटबॉय मीरा रोडमध्ये राहतात. वाहिनीचे रेटिंग घसरले की मालिकेची वेळ बदलते, ती दुपारी ढकलली जाते, किंवा काही महिन्यांत बंद होते. पूर्वी दोन-तीन वर्षे चालणाऱ्या मालिकेवर घराचे हप्ते बेतता येत. आता शंभर-दीडशे भागांतही मालिका गुंडाळल्या जातात. ज्यांना रोजच्या हजेरीवर पैसे मिळतात त्यांच्यासाठी हा फरक थेट चुलीपर्यंत पोहोचतो. वेब मालिकांचे काम येते, पण त्यांचे चित्रीकरण काही आठवड्यांत संपते. रोजच्या मालिकेसारखे बारमाही काम त्यातून मिळत नाही.

केबलवाल्याचे रूपही बदलले. ज्याने वाहिन्या आणल्या तोच आता फायबर टाकून इंटरनेट विकतो. टीव्हीचा ग्राहक गेला तरी घर हातचे जाऊ नये, यासाठी हा मार्ग होता. २०१८मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रक हिस्सा घेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून तार, इंटरनेट आणि कार्यक्रम एकाच घराण्याकडे एकवटत गेले. नोव्हेंबर २०२४मध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असलेल्या स्टार प्रवाह व कलर्स मराठी या दोन वाहिन्या जिओस्टार या एकाच कंपनीत आल्या. झी आणि सोनी यांचे ठरलेले विलीनीकरण जानेवारी २०२४मध्ये मोडले, तरी त्यामागचा दबाव घटत्या उत्पन्नाचाच होता. आटत्या उत्पन्नात दोन मोठ्या मराठी वाहिन्या एकाच मालकाकडे असणे लेखक, कलाकार आणि प्रेक्षक तिघांच्याही हिताचे नाही. मालिका नाकारली गेली तर ती घेऊन जायला दुसरे दार कमी होते.

तरीही पारंपरिक वाहिनीकडे अजून मोठा वर्ग टिकून आहे. घरी असलेल्या स्त्रिया आणि ज्येष्ठ नागरिक हा मराठी मालिकांचा कणा आहे. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या ‘आई कुठे काय करते’ने या वर्गाच्या बळावर पाच वर्षांची मजल मारली. त्याच काळात स्टार प्रवाहने झी मराठीचे दीर्घकाळचे पहिले स्थान घेतले. म्हणजे उरलेल्या प्रेक्षकासाठीची चुरस अधिक तीव्र झाली आहे. करोनाच्या टाळेबंदीत २८ मार्च २०२०पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे जाहीर केले. सगळे घरी असतील आणि कार्यक्रम सगळ्यांच्या ओळखीचा असेल तर एका वाहिनीपुढे अजूनही गर्दी होते, हे त्यातून दिसले. सह्याद्रीच्या जुन्या ठेव्याचा काही भाग आता यूट्यूबवर आहे. प्रसार भारतीनेही २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात चित्रपट महोत्सवाच्या वेळी ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचे ॲप आणले. ज्या विषयांना प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात जागा मिळत नाही, त्यांना तिथे जागा आहे. पण शोधणाऱ्यालाच ते सापडतात. शोध न घेता समोर येण्याची सोय वाहिनीपाशी होती, ॲपपाशी ती नाही.

मोजणीची व्यवस्था या बदलाच्या मागे राहिली आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये टीआरपीतील गैरप्रकारांच्या आरोपांवरून मुंबई पोलिसांनी तपास सुरू केल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचे रेटिंग थांबवले आणि ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले. जुलै २०२५मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने रेटिंग संस्थांच्या नियमांत बदल सुचवताना देशात सुमारे २३ कोटी टीव्ही घरे असून मीटर फक्त ५८ हजार घरांत आहेत, म्हणजे जेमतेम ०.०२५ टक्के, हे नमूद केले. स्मार्ट टीव्ही, स्ट्रीमिंगची उपकरणे आणि मोबाइल यांवरचे पाहणे या मोजणीत धरले जात नाही, हेही त्यात मान्य केले आहे. एकच मालिका दिवाणखान्यात केबलवर, स्वयंपाकघरात फोनवर आणि विरार लोकलमध्ये ॲपवर पाहिली जाते, पण जाहिरातदाराचा निर्णय त्यातल्या पहिल्या पाहण्यावरच ठरतो. एकाहून अधिक संस्थांना मोजणीची मुभा द्यावी आणि सर्व पडद्यांची एकत्र मोजणी व्हावी, हा त्या प्रस्तावाचा गाभा होता.